थव्याचा म्होरक्या कोण?

हिवाळ्यात सोलापूर भागातील ज्वारीच्या शेतांवर भोरड्या उतरतात. भोरडी हा मैनेच्या कुळातील पक्षी आहे. त्याचे अंग फिकट गुलाबी असते. डोके, पंख आणि शेपूट काळे असते. उर्दूत आपण याच पक्ष्याला तिलियर म्हणतो. कणसांत दाणा भरू लागला की शेतकऱ्याला रानात राखण करावी लागते. राखणदार माळ्यावर चढतो, गोफण गरगर फिरवतो आणि दगड सोडतो. दगड शेताच्या एका कोपऱ्यात पडतो. तेथले पक्षी दचकून उडतात, आणि बघता बघता शेताच्या दुसऱ्या टोकाचे पक्षीसुद्धा हवेत असतात. कोणी चादर झटकावी तसा सगळा थवा वर उसळतो, एका बाजूला झुकतो, वळतो आणि पलीकडच्या शेतात उतरतो. हजारो पक्षी इतक्या दाटीने उडतात. पण एकमेकांवर आदळताना दिसत नाहीत.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत आपण पक्ष्यांसाठी आणि जनावरांसाठीही 'झुंड' हा शब्द वापरतो. मराठीत पक्ष्यांचा 'थवा' असतो आणि गाईगुरांचा 'कळप'. परीक्षेत 'पोपटांचा कळप' लिहिले तर तपासणारे हसतील आणि गुणही कापतील.

भोरड्या आपल्याकडे वर्षभर राहत नाहीत. पूर्व युरोप आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशात त्यांची घरटी असतात. पावसाळा सरता सरता त्या भारतात येतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. त्या ज्वारी खातात, म्हणून शेतकरी त्यांच्यावर चिडतो. पण त्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात, त्यामुळे त्यांना नुसते शत्रू म्हणणे बरोबर नाही.

आपला आजचा प्रश्न मात्र ज्वारीचा नाही. थव्याला 'आता वळा' असे सांगतो कोण?

कवायतीच्या वेळी पी.टी.चे सर 'दाहिने मूड' असा हुकूम देतात. तो सर्वांना ऐकू येतो, महिनाभर सराव झालेला असतो, तरीही मागच्या रांगेतला एखादा मुलगा डावीकडे वळतोच. थव्यात हुकूम ऐकू येत नाही. सराव घेणारे कोणी दिसत नाही. मग एवढी शिस्त येते कोठून? हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडत आला आहे. त्याचे सर्वात सोपे उत्तर असे, की थव्यात कोणी तरी म्होरक्या म्हणजे सरदार असला पाहिजे. माणसांच्या टोळीला सरदार असतो, म्हणून पक्ष्यांनाही असेल, असे आपण धरून चालतो.

एडमंड सेलूस नावाचे एक इंग्रज पक्षिनिरीक्षक होते. त्यांनी वर्षानुवर्षे उघड्या माळावर बसून थव्यांचे निरीक्षण केले. त्यांना म्होरक्या कोठेही सापडला नाही. शेवटी १९३१ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले आणि त्यात म्हटले, की एका पक्ष्याच्या मनातला विचार दुसऱ्याच्या मनात थेट पोहोचत असला पाहिजे. आज आपल्याला हे ऐकून हसू येईल. पण सेलूस यांनी जे पाहिले होते ते खरे होते. थवा खरोखरच इतक्या चपळाईने वळतो, की एकाने दुसऱ्याला सांगितले आणि दुसऱ्याने तिसऱ्याला, असे घडायला वेळच नसतो, असे वाटावे. त्यांचे निरीक्षण पक्के होते. कमतरता होती ती स्पष्टीकरणाची.

वेग किती, हे पुढे मोजले गेले. अमेरिकेतील वेन पॉट्स यांनी समुद्रकिनाऱ्यावरील डनलिन या लहान पक्ष्यांच्या थव्यांचे चित्रण केले आणि ते एक एक चित्र करून तपासले. त्यांचा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला. वळण्याची लाट एका पक्ष्याकडून शेजारच्या पक्ष्याकडे सरासरी एका सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी फक्त १५ भागांत पोहोचत होती. प्रयोगशाळेत याच पक्ष्याला अचानक दचकवले तर हालचाल करायला त्याला असे ३८ भाग लागत होते. म्हणजे थव्यातला पक्षी स्वतःच्या प्रतिक्रियेपेक्षाही लवकर वळत होता! हे कसे शक्य आहे? तुम्ही टीव्हीवर क्रिकेटचा सामना पाहताना प्रेक्षकांची 'लाट' पाहिली असेल. लाट दुरून येताना दिसते, म्हणून प्रेक्षक आधीच तयार होतो आणि नेमक्या क्षणी उठतो. पक्षीही असेच करतात, असे पॉट्स यांचे म्हणणे होते. शेजारी वळेपर्यंत ते थांबत नाहीत. दुरून येणारी लाट पाहून ते तयार असतात.

यानंतरची गोष्ट पक्षिशास्त्रज्ञाची नाही, संगणकावर चित्रे काढणाऱ्या माणसाची आहे. क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन तज्ज्ञाला संगणकाच्या पडद्यावर थवा उडवायचा होता. प्रत्येक पक्ष्याचा मार्ग हाताने आखायचा म्हटले तर जन्म गेला असता. म्हणून १९८६ साली त्यांनी वेगळी युक्ती केली. प्रत्येक कृत्रिम पक्ष्याला फक्त तीन सूचना दिल्या. शेजाऱ्याला धडकू नकोस. शेजारी ज्या दिशेने आणि ज्या वेगाने जात आहेत तसाच जा. आणि शेजाऱ्यांपासून फार दूर पडू नकोस. सगळ्या थव्यासाठी एकही सूचना नव्हती. कार्यक्रम सुरू केला आणि पडद्यावरचे ठिपके खऱ्या पक्ष्यांसारखे उडू लागले. वाटेत खांब आला तर थवा दोन भागांत फुटे आणि खांबापलीकडे पुन्हा एक होई. 'खांब आला तर फुटा' असे त्यांना कोणीही शिकवले नव्हते. पुढे हीच युक्ती चित्रपटांत वटवाघळांचे थवे दाखवण्यासाठी वापरली गेली.

हे वाचून मी नववीच्या चाळीस मुलांना मैदानावर नेले. नियम सांगितले : बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, शेजाऱ्यापासून एक हाताचे अंतर ठेवायचे आणि जवळचे दोन-तीन जण जातील तिकडे चालायचे. पहिली दोन मिनिटे नुसता गोंधळ आणि हसणे. मग हळूहळू सगळा घोळका एका दिशेने सरकू लागला, भिंतीजवळ आल्यावर वळला आणि मैदानाला चक्कर घालू लागला. थांबल्यावर मी विचारले, "तुमचा लीडर कोण होता?" एका कोपऱ्यातून एक नाव आले, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरे. ज्यांची नावे घेतली ते दोघेही म्हणाले, "सर, आम्ही तर दुसऱ्यांच्या मागे जात होतो." हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. तसा प्रयोग इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. त्यांनी मोठ्या सभागृहात २०० माणसांना असेच न बोलता चालायला लावले होते. त्यांच्यातल्या फक्त दहा जणांना कोठे जायचे ते गुपचूप सांगितले होते, आणि एवढे दहा जण बाकीच्यांना त्या बाजूला नेण्यास पुरले. आपल्याला कोणी नेत आहे, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही.

पण पडद्यावरचे ठिपके पक्ष्यांसारखे उडाले म्हणून खरे पक्षीही तेच नियम पाळतात, असे सिद्ध होत नाही. खेळण्यातली मोटार खऱ्या मोटारीसारखी पळते, तरी तिच्यात पेट्रोल नसते. खऱ्या थव्यात कोणता पक्षी केव्हा कोठे होता, हे मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ते काम इटलीची राजधानी रोम येथे झाले.

रोममध्ये हिवाळ्यात स्टार्लिंग पक्षी लाखोंच्या संख्येने येतात. स्टार्लिंग हा आपल्या मैनेचा आणि भोरडीचा नातेवाईक आहे. साधारण २० सेंटिमीटर लांब, काळसर, अंगावर ठिपके असलेला. दिवसभर तो शहराबाहेर शेतांत चरतो आणि अंधार पडण्याआधी रात्रीच्या मुक्कामासाठी शहरात परततो, कारण शहरात ऊब जास्त असते. झाडांत शिरण्यापूर्वी हे थवे आकाशात कितीतरी वेळ घिरट्या घालतात. कधी चेंडू, कधी सोंड, कधी भोवरा असे आकार क्षणोक्षणी बदलत जातात. पाहणारे थक्क होतात. झाडांखालून घरी जाणाऱ्यांना मात्र पाऊस नसतानाही छत्री उघडावी लागते; कारण तुम्ही ओळखले असेलच.

जॉर्जो पारिसी, आंद्रेया काव्हाग्ना, इरेने जार्दिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेर्मिनी या मोठ्या रेल्वे स्थानकाजवळच्या एका जुन्या वाड्याच्या छतावर कॅमेरे लावले. त्या वाड्यात आता संग्रहालय आहे. कॅमेरे एकमेकांपासून २५ मीटर अंतरावर होते आणि ते एकाच क्षणी, सेकंदाला दहा या गतीने, छायाचित्रे घेत. दोन कॅमेरे कशासाठी? एक बोट नाकासमोर धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग डावा. बोट इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसेल. बोट जितके जवळ, तितके ते जास्त सरकते. या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. दोन कॅमेरे हे २५ मीटर अंतरावरचे दोन डोळेच होते.

खरी अडचण पुढे होती. डाव्या छायाचित्रात हजारभर काळे ठिपके, उजव्यातही हजारभर काळे ठिपके. आणि सगळे एकसारखे. डावीकडचा हा ठिपका म्हणजे उजवीकडचा कोणता? ही जोडी लागल्याशिवाय अंतर काढता येत नाही. हाताने जुळवणे अशक्यच होते. म्हणून त्यांनी आणखी एक कॅमेरा जोडला आणि ठिपक्यांची आपोआप जुळणी करणारी गणिती पद्धत तयार केली. यात दोन-तीन वर्षे गेली. त्याआधी अशी मोजणी फार तर काही डझन प्राण्यांची झाली होती. आता दोन हजारांहून अधिक पक्षी असलेल्या थव्यातील एकेका पक्ष्याची जागा कळू लागली.

पहिला धक्का असा, की थवा खालून चेंडूसारखा गोल दिसला तरी प्रत्यक्षात तो बराच चपटा असतो. चपाती बाजूने पाहिली तर रेघ दिसते आणि समोरून पाहिली तर गोल. थव्याचे आकार बदलताना दिसतात त्याचे एक कारण हे आहे. दुसरे असे, की गर्दी मध्यभागापेक्षा कडेला जास्त असते.

सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पक्षी आजूबाजूच्या सगळ्यांकडे लक्ष देत नाही. तो फक्त जवळच्या सहा-सात पक्ष्यांचे पाहून वागतो. तोपर्यंत बहुतेकांची कल्पना अशी होती, की पक्षी ठराविक अंतराच्या आतील, समजा पाच मीटरच्या आतील, सर्व शेजाऱ्यांकडे पाहत असेल. रोमच्या थव्यांत ही कल्पना टिकली नाही. थवा दाट असला तरी सहा-सात, आणि विरळ असला तरी सहा-सातच. सातवा शेजारी हातभर अंतरावर आहे की चार हात दूर आहे, याने फरक पडत नव्हता. पक्ष्याला आकडे मोजता येतात, असा याचा अर्थ नाही. त्याची नजर एकाच वेळी तेवढेच शेजारी सांभाळू शकते, इतकेच.

हा फरक बारीक वाटेल. पण त्यावर पक्ष्याचे प्राण अवलंबून आहेत. रोमच्या आकाशात बहिरी ससाणाही असतो. उर्दूत त्याला शाहीन म्हणतात. इक़बाल यांच्या कवितेमुळे तुमच्यापैकी प्रत्येक जण त्याला ओळखतो. शाहीन उंचावरून सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. एकटा स्टार्लिंग त्याच्या तावडीतून सुटणे कठीण. हजारो पक्षी एकत्र वळत असताना मात्र नेमका कोणता धरावा, हे शाहीनला ठरवता येत नाही. म्हणून हल्ला झाला की थव्यातून बाहेर पडलेला पक्षी सर्वात जास्त धोक्यात असतो. आता विचार करा. हल्ल्याच्या क्षणी थवा ताणला जातो, पक्ष्यांमधील अंतर वाढते. पक्षी जर पाच मीटरचा नियम पाळत असता, तर नेमक्या त्याच क्षणी त्याचे शेजारी पाच मीटरच्या बाहेर गेले असते, आणि थव्याच्या चिंध्या झाल्या असत्या. 'सात शेजारी' हा नियम अंतर वाढले तरी तुटत नाही. संशोधकांनी दोन्ही नियम संगणकावर चालवून पाहिले, तेव्हा शेजारी मोजणारा थवा हल्ल्यानंतरही एकत्र राहिला आणि अंतर मोजणारा सहज फुटला.

हल्ल्याच्या वेळी थव्यातून काळ्या पट्ट्यांच्या लाटा सरकताना दिसतात. पक्षी वळण्यासाठी तिरपे होतात, तेव्हा त्यांच्या पंखांचा जास्त भाग आपल्याकडे येतो आणि तेवढा भाग गडद दिसतो. रोममधल्या निरीक्षणांत असे आढळले, की लाटा उठल्या की शिकार साधण्याचे प्रमाण कमी होते.

मग पहिले वळण कोण घेतो? याचेही उत्तर आता मिळाले आहे. वळण थव्याच्या कडेला, एकमेकांजवळ असलेल्या थोड्याशा पक्ष्यांपासून सुरू होते आणि तेथून सेकंदाला २० ते ४० मीटर वेगाने पसरते. चारशे पक्ष्यांचा थवा अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात पूर्ण वळतो. कानगोष्टीच्या खेळात पहिल्याने 'आंबा' म्हटले तर दहाव्यापर्यंत 'तंबू' होतो. थव्यात निरोप शेवटच्या पक्ष्यापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा पोहोचतो. आणि कडेचे ते पक्षी सरदार नसतात. आत्ता ते कडेला आहेत. पुढच्या वळणाला तेथे दुसरेच असतील.

अशा रचनेला शास्त्रज्ञ 'जटिल प्रणाली' म्हणतात. उर्दूत 'पेचीदा निज़ाम' म्हणता येईल. घड्याळाचेही भाग पुष्कळ असतात, पण ते या अर्थाने जटिल नाही. घड्याळात प्रत्येक चाकाचे काम कारागिराने आधीच ठरवलेले असते आणि एक चाक काढले की घड्याळ बंद पडते. थव्यातून शंभर पक्षी गेले तरी थवा चालूच राहतो. उलट, एका स्टार्लिंगला पिंजऱ्यात ठेवून दहा वर्षे अभ्यास केला, तरी त्याच्यात ती काळी लाट सापडणार नाही. ती पक्ष्यात नसतेच, पक्ष्यापक्ष्यांमध्ये असते. रेल्वेच्या गर्दीच्या पुलावरही असे घडते. समोरासमोरून येणाऱ्या लोकांच्या आपोआप वेगळ्या रांगा पडतात. प्रत्येक जण फक्त समोरच्याला चुकवत असतो; रांगा पाडायच्या असे कोणाच्याच मनात नसते.

पारिसी हे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. भौतिकशास्त्रज्ञाने पाखरांच्या मागे का लागावे, असा प्रश्न पडेल. लोखंडाच्या चुंबकातही हेच चालते. प्रत्येक अणू जवळच्या अणूंकडे 'पाहून' आपली दिशा ठरवतो आणि त्यातून अख्खा तुकडा चुंबक बनतो. अणूंमधील अशाच, पण फार गुंतागुंतीच्या, ओढाताणीचा अभ्यास पारिसी यांनी तरुणपणापासून केला. जटिल प्रणालींवरील कामासाठी २०२१ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निम्मे पारितोषिक त्यांना आणि निम्मे पृथ्वीच्या हवामानावर काम करणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना होते. हे पारितोषिक थव्यांसाठी होते असे कोठे कोठे छापून येते, ते तितकेसे बरोबर नाही. पण दोन्हींच्या मुळाशी असलेला विचार एकच आहे.

एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र एकतर्फी राहील. जी चपळाई शाहीनपासून वाचवते तीच कधी जीवावरही बेतते. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री रोममध्ये नववर्षाचे फटाके उडाले. त्यानंतर टेर्मिनी स्थानकाजवळच्या रस्त्यावर शेकडो पक्षी मरून पडलेले दिसले. त्यांत बहुतेक स्टार्लिंग होते. प्राण्यांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संघटनेने त्यासाठी फटाक्यांना जबाबदार धरले. झाडात झोपलेले पक्षी घाबरून एकदम उडाले असतील आणि काळोखात एकमेकांवर, खिडक्यांवर, विजेच्या तारांवर आदळले असतील, असे त्यांचे म्हणणे होते. शेजाऱ्याकडे पाहून वागायचे, तर शेजारी दिसावा लागतो.

तुम्हाला भोरड्यांचा थवा पाहायचा असेल तर डिसेंबर ते मार्च हे दिवस चांगले. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास शेताच्या बांधावर उभे राहा. सगळा थवा एकदम पाहण्याचा प्रयत्न करू नका. डोळे थकतात आणि काही कळत नाही. नजर कडेवर ठेवा, कारण वळण तेथून सुरू होते. आकाशात एखादी घार किंवा ससाणा आला तर थवा कसा आक्रसतो ते पाहा. अंधार पडू लागला की थवा बाभळीच्या झाडांत शिरेल. मग दिसणार काही नाही, पण जागेवरून चाललेली त्यांची भांडणे बराच वेळ ऐकू येत राहतील.